अर्ध्या गोळीची मावशी

माझ्या बायकोच्या मावशी औषधाला जितक्या भीत, तितकं उभ्या शिरूर तालुक्यात कुणी वाघालाही भ्यालं नसेल. आता एखादी अडाणी बाई औषधाला भ्याली तर नवल नाही. पण मावशींची हयात औषधं देण्यातच गेली होती. शिरूरला मिशनच्या दवाखान्यात त्या पंचवीस वर्षं नर्स होत्या. माणसाला इंजेक्शन देताना त्यांचा हात दगडासारखा स्थिर असे. पण कुणी शेळी, कुत्रं, बैल असलं काही घेऊन आलं आणि म्हणालं, "बाई, ह्याला दुखतंय, एखादी गोळी द्या," की त्याच बाईच्या कपाळावर घाम यायचा. भर थंडीत यायचा. मी तो माझ्या डोळ्यांनी पाहिलेला आहे.

तशा त्या पुष्कळ गोष्टींना भीत. एसटीत बसल्या की पुढच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी धरून डोळे मिटून बसत आणि न्हावरा आलं का, एवढंच मधूनमधून विचारत. तार आली तर फोडत नसत, शेजारणीला वाचायला लावून स्वतः मोरीत जाऊन उभ्या राहत. पण ह्या साऱ्या किरकोळ भीती. खरी भीती एकाच वस्तूची. ॲस्पिरिनची गोळी, किंवा त्याच जातीची ती कडवट पांढरी पूड, जी सूज आणि ठणका उतरवते. ती बाटली मावशींनी ट्रंकेत ठेवलेली असे, ट्रंक खाटेखाली, ट्रंकेला कुलूप आणि कुलपाची किल्ली गळ्यातल्या क्रूसाच्या शेजारी. घरात राहणारं दुसरं कुणी नव्हतं. मी एकदा विचारलं, "मावशी, कुलूप कुणासाठी?" तर म्हणाल्या, "माझ्याचसाठी, बापू. उघडायला येळ लागतो ना, तेवढ्यात माणूस इचार करतो."

चर्चच्या मागे दोन खोल्यांचं त्यांचं घर. निवृत्त झाल्यावर तिथं माणसांपेक्षा जनावरंच जास्त यायला लागली. जनावरांचा सरकारी दवाखाना गावात होता, पण तिथले डॉक्टर बरेचदा फिरतीवर असत आणि मिशनच्या बाई सदा घरात. मावशी प्रत्येकाला आधी दवाखान्यातच पिटाळत. डॉक्टर नसले आणि जनावर फारच कण्हत असलं, तर नाइलाजानं ट्रंक ओढत. मग जे सुरू व्हायचं ते बघण्यासारखं असे. पहिल्यांदा वजन. बाजारपेठेतल्या एका भुसार दुकानदाराकडे पोती तोलायचा मोठा काटा होता. त्याच्या पारड्यात मावशींनी एकदा गाभण शेळी उभी केली. दुकानदार म्हणाला, "बाई, ज्वारी तोलायची जागा हाय ही. लेंड्या कोण काढणार?" मावशी म्हणाल्या, "मी काढते. तुम्ही काटा नीट धरा. दोन शेर इकडं न्हाई आन् तिकडं न्हाई." वजन कळलं की गोळी पाटावर ठेवून दाढीच्या पात्यानं तिचे तुकडे करायचे. अर्धी, मग पाव. आणि तो पाव तुकडा तळहातावर घेऊन डोळे मिटून प्रार्थना. माझ्या कानांनी ऐकलेली ती प्रार्थना अशी होती: "हे बापा, ही पाव गोळी हाय, हिला पावच राहू दे. शेळीच्या पोटात जाऊन ती अर्धी होऊ देऊ नको." मग भाकरीच्या घासातून गोळी द्यायची आणि त्या शेळीसमोर स्टुलावर बसून दोन तास तिच्या तोंडाकडे बघत राहायचं. शेळीसुद्धा ओशाळून मान फिरवायची.

कवठे येमाईचे एक आबा होते. चांगले बागाईतदार, गावात वजन असलेले. त्यांच्या बैलाचा पुढचा पाय मुरगळला. जनावरांच्या डॉक्टरांनी पूड दिली आणि पंधरा दिवस बैल जुंपू नका म्हणून बजावलं. तिसऱ्या दिवशी आबा बाजाराला आले ते बैल हातात धरूनच. "बाई, बघा बघा, कसा नाचाया लागलाय! उद्या जुंपतो."

मावशींचा चेहरा पांढरा पडला. "आबा, बैल न्हाई नाचत. औषध नाचतंय. पाय हाय तसाच हाय, फकस्त बैलाला ते कळंना झालंय."

आबा मोठ्यांदा हसले आणि बैल घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी एसटीचा दांडा धरून कवठ्याला पोचल्या. आबांच्या गोठ्यात गेल्या, जुवाच्या शिवळा, म्हणजे बैलांच्या माना अडकवायच्या त्या खुंट्या, उपसून पिशवीत घातल्या आणि परतीच्या गाडीनं शिरूरला घेऊन आल्या. पंधरा दिवस पुरे झाल्यावरच आबांना त्या परत मिळाल्या. आबा गावभर सांगत फिरले, "मिशनच्या बाईनं चोरी केली!" पण सांगताना हसत होते, आणि दुसऱ्या शिवळा सुताराकडून करून घ्यायचं मात्र त्यांनी टाळलं.

आणखी एक सांगायलाच हवं. मावशी कुणाच्याही घरी गेल्या की पाणी घ्यायच्या आधी एक प्रश्न विचारत. मी मुलगी बघायला शिरूरला गेलो तेव्हा मुलीकडच्या मंडळींनी माझा पगार विचारला, कुठल्या चर्चला जाता ते विचारलं. मग कोपऱ्यातून मावशी म्हणाल्या, "घरात कुत्रं-मांजर हाय का?" मी म्हटलं, नाही. "गाय-म्हैस?" नाही. "असती तर विचारलं असतं," त्या म्हणाल्या, "शेण काळं तर होत न्हाई ना." पोहे माझ्या घशात अडकले. पुढे दौंडच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये माझ्या मित्रांना मी हा किस्सा रंगवून सांगत असे. तिथं मावशींचं नावच पडलं होतं, अर्ध्या गोळीची मावशी.

लग्नानंतर सुशीलेबरोबर तिची कुत्री आली. चिंगी. अंगानं करडी, एक कान उभा आणि एक पडलेला. मी मालधक्क्यावर क्लार्क होतो. माझी ड्यूटी सुटायच्या सुमाराला चिंगी क्वार्टर्समधून निघायची आणि मालधक्क्याच्या टोकाशी येऊन बसायची. इंजिनांच्या शिट्ट्या, शंटिंगचा दणदणाट, कशानं ती हलत नसे. मी दिसलो की मात्र धावत सुटे आणि माझ्या पायांत येऊन आपटे. घरी बायको वाट बघत असतेच. पण धावत येऊन आपल्यावर आपटणारं जगात कुणी असावं, ह्याची सवय फार लवकर लागते.

अशी सात-आठ वर्षं गेली. मग एका हिवाळ्यात तिचे मागचे पाय धरले. आधी ती उशिरा यायला लागली, मग अर्ध्या वाटेवर भेटायला लागली आणि शेवटी दाराशी नुसतीच शेपूट हलवत पडून राहायला लागली. उठताना कण्हायची. मी तिला दौंडच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, वय झालंय, सांध्यांना सूज आहे. ॲस्पिरिनची अर्धी गोळी, दिवसातून एकदा, पोटभर खाल्ल्यावर, तीनच दिवस. मग बंद करून मला दाखवा.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मालधक्क्याच्या टोकाशी आलो तर चिंगी तिथं बसलेली. मला बघून धावली. थोडी वाकडी धावली, पण धावली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी मी गोळी बंद केली नाही. म्हटलं, आणखी एक दिवस. पाचव्या दिवशी अर्धीची एक केली. मग सकाळी एक आणि संध्याकाळी एक. सकाळच्या घाईत तिनं काही खाल्लं आहे की नाही हेही बघायला सवड नसे. गोळी गुळात घालून तिच्या तोंडात सारली की मी सायकलवर. सुशीलेला वाटत होतं गोळ्या केव्हाच थांबल्या. मावशींचं पोस्टकार्ड आलं, 'चिंगीला गोळी देता असे सुशीच्या पत्रावरून कळाले. तीन दिवसांवर देऊ नये. शेणाकडे लक्ष ठेवावे.' शेणाकडे! मी हसलो, ऑफिसात दोघांना दाखवलं आणि उलट टपाली लिहिलं, 'गोळी थांबवली. काळजी नसावी.' हे लिहिताना माझा हात जरासुद्धा अडखळला नाही.

अकराव्या दिवशी सकाळी चिंगीनं गुळाला तोंड लावलं नाही. मागच्या अंगणात जाऊन ओकली. जे पडलं ते तपकिरी, कॉफीच्या चोथ्यासारखं होतं. मग ती पेरूच्या झाडाखाली थरथरत बसली आणि थोड्या वेळानं तिला जे झालं ते मी बघितलं. काळं. डांबरासारखं काळं आणि चिकट.

 इतकी वर्षं ज्या प्रश्नावर मी लोकांना हसवलं होतं, त्या प्रश्नाचं उत्तर माझ्या अंगणात पडलं होतं. हिरड्या बघितल्या तर कागदासारख्या पांढऱ्या. मी सायकल काढून जनावरांच्या दवाखान्याकडे सुटलो. दाराला कुलूप. शिपाई म्हणाला, "साहेब राहू गावाला गेल्यात. लाळ-खुरकुताची साथ हाय तिकडं. आज काय येत न्हाईत." मी राहूला निरोप धाडायची व्यवस्था केली, तिथून तसाच तारऑफिसात गेलो आणि शिरूरला तार केली: चिंगी सिरियस कम सून. तार करताना मनात आलं, ही तार वाचली जात असताना मावशी मोरीत उभ्या असतील.

घरी आलो तर अंगणात शेजारी जमलेले. एक इंजिन ड्रायव्हर ब्रँडीची बाटली घेऊन आला होता. कुणी तूप पाजा म्हणत होतं, कुणी म्हणत होतं, दुखत असेल बिचारीला, अजून एक गोळी द्या. ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला. सुशीला चिंगीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिनं मला विचारलं, "हिनं खाल्लं काय असेल हो?" मी म्हटलं, "कुणास ठाऊक." ते म्हणतानासुद्धा गोळ्यांची बाटली माझ्या कोटाच्या खिशात होती. चिंगीच्या पोटाची हालचाल भरभर होत होती आणि मी तिच्याकडे बघत नव्हतो, सुशीलेकडे बघत नव्हतो, पेरूच्या झाडाकडे बघत होतो. अंगणात एवढी माणसं असून मला एकट्याला भीती वाटत होती. कारण काय झालंय हे मला एकट्याला माहीत होतं.

दुपारी तीनच्या सुमारास मावशी आल्या. दांडा धरून धरून तळहात लाल झाले होते. हातात पिशवी. त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं, ब्रँडी परत पाठवली, सुशीलेला तांदळाची पेज करायला चुलीशी बसवलं. मग चिंगीच्या हिरड्या बघितल्या, पोटाला हात लावला, अंगणात जाऊन ते काळं बघून आल्या. माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"किती?"

"अर्धी," मी म्हणालो. "तीन दिवस."

मावशी पदरानं हात पुसत राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "जावईबापू, मी पोलीस न्हाई. मला खरा आकडा लागतो. त्याच्यावर पुढचं ठरतं."

चुलीवर पेज उकळत होती. मी खिशातली बाटली काढून त्यांच्या हातात दिली. "सकाळी एक, संध्याकाळी एक. पाच-सहा दिवस झाले. कधी उपाशीपोटीसुद्धा."

मला वाटलं, आता मावशी ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या जमिनीवर बसल्या. त्यांचे हात थरथरायला लागले, आणि मी एवढी मोठी बाई इतकी घाबरलेली कधी पाहिली नव्हती. दाराशी सुशीला पेजेचं भांडं घेऊन उभी होती. तिनं ऐकलं होतं. तिनं माझ्याकडे बघितलं, भांडं मावशींजवळ ठेवलं आणि आत निघून गेली.

त्या थरथरत्या हातांनीच मावशींनी काम सुरू केलं. पिशवीतून पोटाची आग शमवणारं मॅग्नेशियाचं पांढरं औषध निघालं. ते चमचाभर, मग थांबायचं. मग पेजेचं वरचं पाणी चमचाभर, मग थांबायचं. चिंगी अर्धं ओकून टाकायची. मावशी पुसायच्या आणि पुन्हा अर्धा चमचा. प्रार्थना मोठ्यानं चालली होती, पण तिच्यात आता गोळीचं नाव नव्हतं. नुसतंच, "राहू दे बापा, राहू दे." दर थोड्या वेळानं त्या चिंगीच्या हिरडीवर बोट दाबून बघत. दाबलं की आणखीच पांढरं व्हायचं. पण सोडल्यावर लाली परत येतेय का, हे बघताना त्या श्वास रोखून धरत. मीही धरत होतो. लाली येत होती की यावीशी वाटत होती म्हणून दिसत होती, सांगता येत नव्हतं.

ऊन उतरल्यावर कधीतरी त्या बोलल्या. माझ्याकडे न बघता.

"माझी एक मांजर होती. सोनी. दवाखान्यातल्या माझ्या खोलीवर राहायची. दारात पाय चेमटला तिचा. रडायची, मला बघवंना. मी म्हटलं, एवढ्याशा बाळांना देतो की आपण गोळी, हिला का न्हाई? रोज पाव. रोज. पहिल्या दिवशी लय बरं वाटलं तिला. मला वाटलं, मी केवढी हुशार." त्यांनी चिंगीचं तोंड पुसलं. "चवथ्या दिवशी धापा टाकाया लागली. माझ्या मांडीवर गेली. मागनं मिशनच्या डॉक्टर मडमसाहेबांनी सांगितलं, मांजराच्या अंगातनं हे औषध लवकर जातच न्हाई. कालचं तसंच असतं, त्याच्यावर आपण आजचं टाकतो."

मी म्हटलं, "तुम्हाला काय माहीत होतं, मावशी?"

"त्ये न्हाई," त्या म्हणाल्या. "मी सगळ्यांना सांगितलं, सोनीला पान लागलं. साप चावला म्हणून. सगळे हळहळले. आज तुम्हालाच सांगतेय."

आतून सुशीला बाहेर आली आणि चिंगीच्या दुसऱ्या बाजूला बसली. माझ्याशी बोलली नाही, पण बसली. आम्ही तिघं तसेच बसून होतो आणि यार्डातल्या प्रत्येक शिट्टीला चिंगीचा उभा कान किंचित हलत होता. 

दुसऱ्या दिवशी सकाळी जनावरांचे डॉक्टर राहूहून परस्पर आमच्याकडेच आले. चिखलानं भरलेले बूटही काढले नाहीत. मी त्यांना खरा आकडा सांगितला. दुसऱ्यांदा सांगणं सोपं नव्हतं. त्यांनी इंजेक्शन दिलं, कातडीखाली सलाईन सोडलं. पाठीवर उशीसारखा फुगवटा आला. मावशींनी काय काय दिलं ते विचारून घेतलं आणि मान डोलावली. मला एवढंच म्हणाले, "आतड्यात, पोटात जखमा झाल्यात. रक्त थांबलं तर वाचेल. मी सांगू शकत नाही."

दुपार गेली. मी रजा टाकली होती. मावशी स्टुलावर बसून चिंगीच्या तोंडाकडे बघत होत्या, आणि ह्या वेळी मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. चारच्या पुढे चिंगीनं डोकं उचललं, आजूबाजूला बघितलं, सरपटत पाण्याच्या भांड्यापाशी गेली आणि स्वतःहून पाणी प्यायली. प्यायल्यावर आम्ही तिघं वाट बघत राहिलो. ओकली नाही. मावशी उठल्या, मोरीत गेल्या, आणि दार लावून बराच वेळ रडल्या. बाहेर ऐकू येत होतं.

चिंगी वाचली. काळं थांबायला आणखी चार दिवस लागले, आणि चारही दिवस रोज सकाळी मी आणि मावशी पेरूच्या झाडाखाली वाकून उभे असायचो. क्वार्टर्समधले लोक कुंपणावरून बघायचे. मी कुणाला काही सांगायला गेलो नाही. पाचव्या दिवशी मावशींना गाडीवर पोचवायला निघालो तेव्हा चिंगी दारापर्यंत लंगडत आली. माझा चेहरा मावशींनी बघितला असणार. म्हणाल्या, "लंगडू द्या, बापू. तिला दुखलं की ती बसते, तिचं ती ठरवते. आपल्याला बघवत न्हाई, म्हणून आपण तिला पळवायचं का?" आणि एसटीत चढता चढता, "औषध वाईट न्हाई हो. लय थंडी पडली तर डॉक्टरला विचारून अर्धी द्या. इचारून." मग डोळे मिटून दांडा धरला.

त्यानंतर चिंगी दोन वर्षं जगली. मालधक्क्यापर्यंत कधी आली नाही. मीच घरी जरा लवकर जायला लागलो. सुशीला माझ्याशी चार-पाच दिवसांनी बोलायला लागली. पण औषधाच्या बाटल्या तिनं स्वतःच्या ताब्यात घेतल्या, त्या आजतागायत तिच्याच ताब्यात आहेत.

मावशी गेल्या तो मार्च महिना होता. कसलाही त्रास न होता, दुपारी झोपल्या त्या उठल्या नाहीत. मातीचं सगळं उरकल्यावर तिसऱ्या दिवशी सुशीला मावशींच्या आतल्या खोलीत आवराआवर करत होती आणि मी ओट्यावर बसलो होतो. तेवढ्यात चर्चच्या कुंपणाकडून एक म्हातारा आला. पाबळकडचा होता. काखेत कोकरू, त्याच्या पायाला फडकं बांधलेलं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"बाई हायत का?"

मी सांगितलं. तो ओट्याच्या पायरीवर बसला. कोकरू खाली ठेवलं, डोक्याचं मुंडासं काढून गुडघ्यावर ठेवलं.  मग म्हणाला, "मागच्या साली लय वरडल्या होत्या मला. शेळी जोखून आण म्हनल्या." थोडं हसला. "तुमी देता का औषिद?"

"नाही बाबा," मी म्हणालो. "मला भीती वाटते."

त्यानं मान डोलावली, जणू हे त्याला समजण्यासारखंच होतं. जनावरांचा दवाखाना कुठं आहे ते त्याला नक्की ठाऊक नव्हतं. मी चपला घातल्या, सुशीलेला सांगितलं आणि त्याच्याबरोबर निघालो. बाजारपेठ ओलांडेपर्यंत तो दमला, तेव्हा कोकरू मी घेतलं. अंगानं गरम होतं, आणि माझ्या शर्टाचं बटण चोखत होतं.